पाण्यात मासा गुदमरतो तेव्हा

प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातून आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. ऊसपट्ट्यातलं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, त्यात रोहू, कटला, मृगळ. मे महिन्यात दुपारभर उकाडा, चारच्या सुमाराला वळीव झोडपून गेला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. शेजारच्या जुन्या विहिरीतल्या मरळ आणि शिंगी मात्र जिवंत, बांधावरचे खेकडेही ठणठणीत. कुणीतरी रात्री विष कालवलं, असा घरच्यांचा संशय आहे. त्यांच्या आठवीतल्या मुलीनं वेगळाच प्रश्न विचारलाय: पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजन आहे, मग मासा पाण्यात गुदमरतोच कसा? आणि शेवटी, ‘आता तळ्यात मरळ किंवा मागूर टाकावा का?’

मी मुलीचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की तळ्याचं कोडं निम्मं सुटतं.

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन हायड्रोजनला घट्ट बांधलेला असतो. तो सोडवायला बरीच ऊर्जा लागते. शाळेत बॅटरीच्या दोन तारा पाण्यात सोडून बुडबुडे काढून दाखवतात, ते हेच. हे काम माशाला जमत नाही, आपल्यालाही नाही. जमतं फक्त झाडांना आणि शेवाळाला, तेही ऊन असेपर्यंत. मासा जो ऑक्सिजन घेतो तो निराळा असतो, पाण्यात विरघळलेला. तो काही हवेतून येतो, काही शेवाळ दिवसा सोडतं त्यातून. पाणी म्हणून जे दिसतं त्यात हा विरघळलेला ऑक्सिजन किती, यावर माशाचं जगणं ठरतं.

आणि तो फार थोडा असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, त्यामुळे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जरा कमी. इथल्या ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, अगदी काठोकाठ मावेल तेवढा धरला तरी, लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन बसतो. त्याच जागेच्या एक लिटर हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे आपल्या नाकासमोर जेवढा ऑक्सिजन फुकट पडलेला आहे त्याच्या पस्तिसाव्या हिश्शावर मासा संसार करतो. शिवाय पाणी हवेपेक्षा आठशे पट जड, आणि ऑक्सिजन पाण्यातून पसरतो तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथ. आपण हवा आत ओढतो आणि त्याच वाटेनं बाहेर सोडतो. माशानं पाण्याचं असं आत-बाहेर केलं असतं तर मिळालेला ऑक्सिजन ते ओझं ढकलण्यातच संपला असता.

म्हणून मासा पाणी एकाच दिशेनं वाहतं ठेवतो. तोंडातून आत, कल्ल्यांवरून बाहेर. बाजारातून ताजा रोहू आणाल तेव्हा कल्ल्याचं झाकण उचलून बघा. एका बाजूला चार कमानी, प्रत्येक कमानीवर तांबड्या तंतूंच्या दोन ओळी. भिंग असेल तर त्या प्रत्येक तंतूवर आडव्या, अतिशय पातळ पापुद्र्यांची रांग दिसेल. सगळा व्यवहार त्या पापुद्र्यांत होतो. पाणी एका दिशेनं जातं आणि पापुद्र्यातलं रक्त नेमकं उलट दिशेनं. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन भरत गेला तरी त्याला पुढे भेटणारं पाणी त्याच्याहून भरलेलंच असतं आणि घेवाण शेवटपर्यंत थांबत नाही. या एका युक्तीवर मासा पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. आपण नाकानं २१ टक्के ऑक्सिजनची हवा घेतो आणि १६-१७ टक्क्यांची परत सोडतो; काटकसर आपल्याला माहीतच नाही, कारण गरज पडली नाही. तोच रोहू काठावर टाकला की पस्तीस पट ऑक्सिजनात पडूनही मरतो, कारण पाण्याचा आधार गेला की ते पापुद्रे एकमेकांना चिकटतात, सुकतात आणि घ्यायला पृष्ठभागच उरत नाही.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. जीव तगतो तो भोवती ऑक्सिजन किती आहे एवढ्यावर नाही. ओला, पातळ पृष्ठभाग शाबूत आहे का, त्यावरून पाणी किंवा हवा खेळती आहे का, आणि टंचाई पडली तर दुसरी वाट आहे का, यावर तगतो. तुमच्या तळ्यातल्या रोहूकडे दुसरी वाट नव्हती. विहिरीतल्या मरळीकडे होती.

आता तळ्याकडे येऊ. हिरव्यागार तळ्याचा ऑक्सिजन दिवसात दोन टोकं गाठतो. दुपारी तीन-चारला शेवाळ जोरात काम करत असतं, तेव्हा वरच्या पाण्यात तो १२ मिलिग्रॅमच्याही पुढे जाऊ शकतो, मावतो त्याहून जास्त. सूर्य मावळला की कारखाना बंद. पण श्वास बंद होत नाही. मासे, शेवाळ, तळाच्या गाळातले जिवाणू, सगळे रात्रभर खर्च करत राहतात. सर्वांत कमी पातळी येते पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी. त्यामुळे सकाळी दहाला पाणी तपासून ‘ऑक्सिजन चांगला आहे’ म्हणणाऱ्या माणसाचं मी ऐकत नाही. रोहू-कटला ५ च्या वर खुशाल असतात, ३ च्या खाली खाणं टाकतात, १ च्या आसपास मरायला लागतात. आणि हे सगळं एका रात्रीत होऊ शकतं.

तपासायचं कसं, तेही सांगतो, म्हणजे संशय घ्यायच्या आधी पुरावा हातात राहील. हंगेरीच्या विंकलर या रसायनतज्ज्ञानं १८८८ मध्ये काढलेली पद्धत आजही बाजारात मिळणाऱ्या छोट्या किटमध्ये वापरतात. काचेची बूच असलेली बाटली पहाटे पाचला पाण्याखाली हातभर खोल नेऊन भरायची. एकही बुडबुडा आत राहता कामा नये, नाहीतर हवेतलाच ऑक्सिजन मोजला जाईल. मग पहिलं औषध, लगेच दुसरं, बूच लावून बाटली उलटसुलट हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर चहाच्या रंगाचा तपकिरी साका तयार होतो आणि हळूहळू खाली बसतो. नसेल तर साका पांढराफटक राहतो. पुढे आम्ल घालून, पिवळं झालेलं पाणी थेंब थेंब औषधानं रंगहीन करून आकडा काढतात. पण शेतकऱ्याला मी सांगतो, साका पांढरा दिसला की आकड्याची वाट बघू नका, पंप चालू करा.

वळिवाचं काय? उन्हाळ्यात तळ्याचं पाणी दोन थरांत विभागलेलं असतं. वर गरम आणि हलकं, खाली त्यापेक्षा गार आणि जड. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात ऊन पोचत नाही आणि वरचा ऑक्सिजनही पोचत नाही. विष्ठा, उरलेलं खाद्य, मेलेलं शेवाळ तळाशी कुजत राहतं. प्लास्टिकचं तळं असलं म्हणजे गाळ नसतो हा समज खोटा आहे, दोन हंगामांत तिथंही काळा थर साचतो. वळिवाच्या गारा आणि गार पाणी वरच्या गरम थरात कोसळलं, वाऱ्यानं घुसळलं, की वरचं थंड होऊन खाली जातं आणि तळाचं वर येतं. त्या पाण्यात ऑक्सिजन नाहीच, उलट त्यात हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू असतात आणि ते पाणी वरच्या थरातला शिल्लक ऑक्सिजनही खाऊन टाकतं. त्यात ढगाळ संध्याकाळ, म्हणजे शेवाळाची दिवसाची कमाई आधीच कमी झालेली. पहाटेपर्यंत काय राहणार? सडक्या अंड्याचा वास सकाळी आला होता का, हे घरच्यांना विचारा.

विष होतं की गुदमरणं, हे ओळखायच्या खुणा आहेत. ऑक्सिजन संपून मेलेल्यांत बहुधा मोठे मासे आधी जातात, बारकी पिल्लं पुष्कळदा वाचतात. मरायच्या आधी मासे कडेला, पृष्ठभागाला तोंड लावून गपगप करत असतात आणि मेल्यावर तोंड उघडं, कल्ले फाकलेले दिसतात. वेळ बहुधा पहाटेची. विषानं दिवसाच्या कुठल्याही वेळी मरतात, लहान-मोठा भेद राहत नाही, बेडूक, पाणकिडे, खेकडे हेही मरतात, आणि मासे वेडेवाकडे, गोल गोल पोहताना दिसतात. तुमच्या बांधावरचे खेकडे जिवंत आहेत ही बातमी, शेजाऱ्याशी भांडण सुरू करायच्या आधी, लक्षात घ्या. तरीही शंका राहत असेल तर मरायला टेकलेला एखादा मासा बर्फात आणि पाण्याची भरलेली बाटली त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्यायची. दुपारपर्यंत फुगलेल्या माशातून काही कळत नाही.

एक तिसरं कारणही असतं, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. कल्ले उघडल्यावर तांबडे न दिसता चॉकलेटी दिसले तर पाण्यात नायट्राइट वाढलंय. ते रक्तात शिरून ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या हिमोग्लोबिनचं रूप असं बदलतं की त्याला ऑक्सिजन धरता येत नाही. पाण्यात ऑक्सिजन ६ मिलिग्रॅम आणि मासा गुदमरून मेलेला, असं चमत्कारिक चित्र तेव्हा दिसतं. त्यावर मोजून घातलेलं साधं मीठ उपयोगी पडतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. मात्र मीठ अंदाजानं ओतू नका.

पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो, तिथंही मूळ हिशेब हाच असतो. गावोगावचं सांडपाणी आणि मळीमिश्रित पाणी विषारी असेल किंवा नसेल, ते जिवाणूंना मेजवानी असतं. ते पाणी कुजवताना जिवाणू नदीतला ऑक्सिजन शोषून घेतात. मद्यार्क प्रकल्पातून निघणाऱ्या कच्च्या सांडपाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे ते कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅम असू शकते. समोर ७ मिलिग्रॅमची नदी ठेवा. असल्या पाण्याचा एक लिटर हजारो लिटर नदी रिकामी करू शकतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यात पाणी अडलेलं, वाहतं नाही, गरम. सगळ्या वाईट गोष्टी एकत्र येतात.

आता मरळीचं. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पोकळ्या आहेत. ती थोड्या थोड्या वेळानं वर येते, एक घोट हवा घेते, खाली जाते. तुमच्या विहिरीवर कडेला गप्प बसलात तर तो ‘टप्प’ आवाज ऐकू येईल. पाण्यात ऑक्सिजन शून्य असला तरी तिचं अडत नाही. पण मोठ्या मरळीला ही सोय राहत नाही, सक्ती होते. जाळ्यात अडकून तिला वर येता आलं नाही तर चांगल्या पाण्यातही ती बुडून मरते. मासा बुडून मरतो हे ऐकून लोक हसतात. जाळं लावून रात्रभर विसरणाऱ्या कुणालाही विचारा.

शिंगीची रचना आणखी वेगळी. कल्ल्यांच्या कप्प्यातून मागे, शेपटीच्या दिशेनं, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक पिशव्या जातात आणि त्यांत ती हवा भरून ठेवते. मागूराच्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखे तांबडे फुलोरे असतात. तिघांतही एक गोष्ट सारखी आहे: ऑक्सिजन हवेतून घेतात, पण कार्बन डायऑक्साइड बराचसा कल्ल्यांतून आणि कातडीतून पाण्यातच सोडतात. म्हणजे अर्धा श्वास हवेत, अर्धा पाण्यात. म्हणूनच बाजारात हे मासे टबभर पाण्यात तास न् तास जिवंत राहतात आणि शेजारच्या टोपलीतला रोहू बर्फावर असतो. शिंगी हातात घेताना मात्र जपून, तिच्या कल्ल्याजवळच्या परांचा काटा लागला की हात ठणकतो.

खेकड्याला कल्ले असतात आणि ते पाठीच्या कवचाखाली बंद कप्प्यात असतात. आपल्याकडच्या शेतातल्या आणि ओढ्यातल्या खेकड्यांत त्या कप्प्याचं अस्तरच फुप्फुसाचं काम करतं. ओलावा टिकला की तो बिळात महिने काढतो. राधानगरी, गगनबावड्याकडे पहिल्या पावसात बॅटरी घेऊन खेकडे धरायला जातात, ती जाणती मंडळी धरलेले खेकडे बादलीभर पाण्यात टाकत नाहीत. ओल्या गोणपाटात ठेवतात. बादलीच्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन ते सगळे मिळून रात्रीत संपवतात आणि सकाळी मेलेले सापडतात. गोणपाटात भोवती हवा आणि कप्प्यात ओल, दोन्ही मिळतं. तोंडाशी फेस दिसतो तो त्या पाण्यात हवा खेळवल्याचा.

कातडीनं श्वास घेणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात. गांडुळाला फुप्फुस नाही, कल्ले नाहीत, अंगावरचा ओला थर हाच श्वासाचा पृष्ठभाग. उन्हात रस्त्यावर आलं की ते सुकून मरतं. चांगल्या हवा खेळत्या पाण्यात मात्र बरेच दिवस जगतं, त्यामुळे ‘पाऊस पडला की गांडूळ बुडतं’ हे सरसकट खरं नाही. साचलेल्या, ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात त्याची अडचण होते. बेडकाला फुप्फुसं आहेत, पण कातडीवरही त्याचा मोठा भार असतो, म्हणून तो सदैव ओला. आंबोलीच्या वाटेवर पावसाळ्यात रात्री जी बारीक झुडूपबेडकं ओरडतात, त्यांतल्या पुष्कळांची पिल्लं डबक्यात जातच नाहीत. अंड्यातच शेपूट येते, अंड्यातच जाते आणि थेट चार पायांचं बेडूक बाहेर पडतं. सह्याद्रीच्या ढगात हवाच इतकी ओली असते की हे परवडतं. आपल्या शिरोळात परवडणार नाही.

किडे पूर्ण वेगळ्या वाटेनं गेले. त्यांच्या रक्ताला ऑक्सिजन वाहून न्यायचं काम जवळजवळ नसतंच. अंगाच्या दोन्ही बाजूंना छिद्रं, त्यातून आत बारीक होत जाणाऱ्या नळ्या, थेट प्रत्येक पेशीपर्यंत हवा. मावा-तुडतुड्यांवर साबणाचं पाणी किंवा तेलाची फवारणी चालते ती या छिद्रांमुळे: नुसतं पाणी तिथून घरंगळतं, साबण-तेल शिरतं. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी रान पाण्यानं भरून ठेवायचा सल्ला देतात, कारण मातीतली हवा बाहेर पडली की अळी गुदमरते.

डासांची अळी पाण्यात राहते पण श्वास हवेतलाच घेते. तुमच्या गोठ्यातल्या हौदात बघा. शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून, डोकं खाली, तिरपी लटकलेली अळी दिसली तर ती क्युलेक्स किंवा एडिस. नळी नाही आणि पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल तर हिवतापाच्या डासाची. पाण्यावर तेलाचा तवंग दिला की दोघींचीही नाकेबंदी होते. पण रंकाळा तलावावर दिसतं तसल्या केंदाळात, म्हणजे जलपर्णीत, मॅन्सोनिया नावाच्या डासाची अळी राहते, तिचा श्वास वर नसतोच. ती आपली नळी केंदाळाच्या मुळांत खुपसते आणि मुळातल्या हवेवर जगते. तिथं तेल ओतून उपयोग नाही, केंदाळच काढावं लागतं. पाण्याच्या दृष्टीनंही ते काढणंच बरं, कारण दाट केंदाळाखाली ना ऊन पोचतं ना वारा, आणि खाली कुजणाऱ्या पानांचा खर्च वेगळा.

मुळांत हवा कुठून आली, हा प्रश्न उसाच्या शेतकऱ्याला विचारायची गरज नाही, वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, तो जाणतो. पिकाची मुळंही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती साखर अर्धवट जाळून अल्कोहोल तयार करतात, ऊर्जा नावापुरती मिळते आणि मुळं कुजायला लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. तेव्हा नदीकाठचं सोयाबीन पिवळं पडून गेलं, कारण त्याच्या मुळांच्या गाठींतले नत्र बांधणारे जिवाणूही ऑक्सिजनवर चालतात. उसाची तऱ्हा वेगळी. शेंडा पाण्याच्या वर राहिला तर ऊस कांड्यांवर नव्या मुळ्या फोडतो आणि तगतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, गढूळ पाणी आणि गाळ बसला तर वाढीचा कोंभ कुजतो, कांड्यांवर बाजूनं पांगशा (कोंभ) फुटतात आणि उतारा घसरतो. आजऱ्याच्या घनसाळ भाताला या पाण्याचं काहीच वाटत नाही. भाताच्या पानापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ नळ्या असतात, त्यातून वरची हवा खाली चिखलात जाते, इतकी की मुळाभोवतीच्या काळ्या चिखलात लोह गंजून तांबूस कडा उमटते. चिखलणीनंतर एखादं रोप उपटून मूळ धुवायच्या आधी बघा, तो तांबडा लेप डोळ्यांना दिसतो.

काही जीवांना ऑक्सिजन नकोच असतो. तुमच्या गोबरगॅसच्या टाकीत मिथेन करणारे सूक्ष्मजीव आहेत, त्यांना ऑक्सिजन विष आहे. म्हणून टाकी हवाबंद. जयंती नाल्यासारख्या सांडपाण्याच्या काळ्या चिखलात बारीक लाल किडे वळवळताना दिसतात, ते मधल्या वर्गातले: ऑक्सिजन लागतो पण अगदी नाममात्र चालतो. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. ट्युबिफेक्स किडा डोकं चिखलात खुपसून शेपूट वर हलवत ठेवतो, आणि पाण्यात ऑक्सिजन जितका कमी तितकी शेपूट जास्त बाहेर. मी ओढ्याची तब्येत पहिल्यांदा या किड्यांवरूनच जोखतो.

इथं एक गोष्ट माणसाबद्दल सांगायलाच हवी, कारण तिच्या अज्ञानानं दरवर्षी कुठे ना कुठे जीव जातात. आपल्याला श्वास कोंडल्याची जी तगमग होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. माशाचं उलट आहे, तो ऑक्सिजनच्या कमतरतेला आधी जागतो. म्हणून मिथेन साचलेल्या किंवा ऑक्सिजन संपलेल्या टाकीत, विहिरीत उतरलेल्या माणसाला काहीच न जाणवता भोवळ येते आणि तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. पूर्वी कंदील सोडून बघायचे. ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, एवढं ती सांगते. हायड्रोजन सल्फाइड आहे का हे ती सांगत नाही, आणि मिथेन असेल तर ती ज्योतच भडका उडवेल. गोबरगॅसच्या खड्ड्यात तर उघड्या ज्योतीचं नावच काढू नका. मोजयंत्र, पंख्यानं खेळती केलेली हवा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं, याशिवाय उतरायचं नाही.

लांबचे दोन नमुने मुलीसाठी. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात पांढऱ्या रक्ताचा मासा आहे, त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन नाहीच. रूड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये त्याचं वर्णन शास्त्रशुद्धपणे मांडलं. गोठायला टेकलेल्या त्या समुद्राच्या पाण्यात आपल्या तळ्याच्या दीडपटीहून जास्त ऑक्सिजन मावतो, माशाची गरज थंडीमुळे कमी, हृदय मोठं, रक्त भरपूर, एवढ्यावर भागतं. आणि हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या काही जलाशयांवर उतरणारा पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतो. त्याचं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन घट्ट पकडतं, आणि पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा माशाच्या कल्ल्यांवरच्या पाण्याप्रमाणे एकाच दिशेनं जाते. इतक्या दूरच्या दोन जीवांना तीच युक्ती सापडली, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तुमच्या तळ्याचं काम. मेलेले मासे आजच्या आज काढून खोल पुरा, पाण्यात कुजले तर उरलेल्यांनाही नेतील. दोन-तीन दिवस खाद्य पूर्ण बंद; पोट भरलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, असेल तर तो मध्यरात्रीपासून सूर्य उगवेपर्यंत चालवा. दुपारी चालवून वीज जाळणारे शेतकरी मी खूप बघतो, तेव्हा शेवाळ फुकट काम करत असतं. एअरेटर नसेल तर तळ्यातलंच वरचं पाणी मोटारीनं उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. शेतीपंपाची वीज रात्री असेलच असं नाही, म्हणून मे-जूनमध्ये तळ्यावर डिझेल पंप तयार असावा. तळातलं पाणी ढवळू नका. ‘ऑक्सिजनच्या गोळ्या’ मिळतात, त्या तासा-दोन तासांची उसनवार आहेत. चुना ऑक्सिजन देत नाही, दुकानदार काहीही सांगो.

पाणी फार हिरवं झालंय का, हे बघायला हात कोपरापर्यंत उभा पाण्यात घाला. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त आहे: शेणखत, डीएपी ही खतं बंद करा, थोडं पाणी काढून नवं भरा. ढगाळ दिवशी आणि वळिवाची चिन्हं दिसली की खाद्य निम्मं, आणि त्या रात्री कुणीतरी पहाटे चारला बॅटरी घेऊन तळ्यावर जायचंच. मासे कडेला तोंड वर करून दिसले तर अजून वेळ गेलेली नसते.

मरळ आणि मागूर टाकायचा बेत असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. मरळ मांसाहारी आहे, रोहूच्या बोटुकल्यांसोबत सोडलीत तर तुम्ही तिला खाद्यच पुरवताय. तिच्यासाठी तळं वेगळं आणि खाद्याचा खर्चही वेगळा. पावसाच्या रात्री ती उडी मारून, सरपटत काठ ओलांडते, त्यामुळे भोवती जाळीचं कुंपण आधी आणि बीज नंतर. मागूर घ्याल तर देशीच घ्या आणि खात्रीच्या बीजकेंद्रातून घ्या. ‘थायी मागूर’ म्हणून स्वस्तात विकतात तो आफ्रिकी मागूर आहे, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि पुराच्या पाण्यातून तो पंचगंगेत सुटला तर ऑक्सिजन नसलेल्या डोहातही तोच तेवढा उरेल.